एक पंखा सरळ, एक उलटा : विल्बर राईट यांची जीवनकथा



राईट बंधूंची गोष्ट आपण सगळेच मुलांना सांगतो. दोन भाऊ, सायकलचं दुकान, १७ डिसेंबर १९०३, आणि माणूस उडाला! परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येतो आणि विषय संपतो. आज आपण त्यातल्या थोरल्या भावाचे, म्हणजे विल्बर राईट यांचे चरित्र जरा वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. त्यांच्या विमानाला दोन प्रोपेलर होते, म्हणजे हवा मागे ढकलणारे दोन मोठे लाकडी पंखे. त्यातला एक सरळ फिरायचा आणि दुसरा मुद्दाम उलटा. असे का केले असेल? हा प्रश्न मुलांना विचारून बघा. उत्तर शोधता शोधता विल्बर यांचे जवळजवळ सगळे आयुष्य समोर येते.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ

भिंतीला ड्रिल मारणाऱ्या माणसाचे हात तुम्ही पाहिले असतील. बिट भिंतीत अडकले की मशीन उलट दिशेने फिरू पाहते आणि मनगट पिरगाळते. फिरवणारी वस्तू ज्या दिशेला जोर लावते, तेवढाच जोर तिला स्वतःला उलट दिशेने बसतो. न्यूटनचा तिसरा नियम आपण पुस्तकात शिकवतो, तो हाच.

जमिनीवर हे आपल्याला फारसे जाणवत नाही. छतावरचा पंखा छताला घट्ट बसवलेला असतो, तो उलटा जोर छत सोसते. पण विमान हवेत असते. त्याला धरणारे कुणी नाही. प्रोपेलर एका बाजूला फिरला की विमानाचे अंग दुसऱ्या बाजूला कलू लागते. उडणाऱ्याच्या दृष्टीने ही जिवाशी गाठ आहे. हे डोक्यात ठेवा आणि आता गोष्टीकडे वळू.

जन्म आणि घर

विल्बर राईट यांचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिलव्हिल गावाजवळ झाला. धाकटा भाऊ ऑर्व्हिल १८७१ साली डेटन शहरात जन्मला, तर बहीण कॅथरीन १८७४ साली. वडील मिल्टन राईट हे चर्चचे बिशप होते, त्यामुळे त्यांचा सतत प्रवास चाले. आई सुसान हिचे वडील गाड्या बनवणारे कारागीर होते. हातात हत्यार धरायला ती माहेरीच शिकली होती. मुलांना खेळणी करून देणे, मोडलेली वस्तू दुरुस्त करणे ही त्या घरात आईची कामे होती. आपल्याकडे खिळा ठोकायचा असला की मुलगा बाबांना हाक मारतो. या घरात मुले आईला हाक मारत.

१८७८ साली वडिलांनी प्रवासातून एक खेळणे आणले. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा, ऑर्व्हिल ७ वर्षांचा. बूच, बांबू आणि कागद यांचे ते खेळणे पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर थेट छताकडे उडायचे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो या तरुण संशोधकाच्या रचनेवरून ते तयार केलेले होते. आता गंमत बघा. त्या खेळण्यात दोन पंखे होते आणि ते एकमेकांच्या उलट फिरत होते! एकच पंखा असता तर खालची काडीच गरगर फिरत राहिली असती आणि रबराचा बराच पीळ वाया गेला असता. मुलांनी ते खेळणे मोडेपर्यंत खेळून घेतले, मग स्वतः तसेच बनवले, मग मोठे बनवले. मोठे मात्र नीट उडेना. आकार वाढला की ताकद त्याहून कितीतरी जास्त लागते, हे त्या वयात त्यांना कळले नव्हते. पण प्रश्न डोक्यात राहिला.

घरात बसलेली तीन वर्षे

विल्बर अभ्यासात हुशार आणि खेळात तरबेज होता. येल विद्यापीठात जायचा विचार चालला होता. १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावरचा खेळ खेळताना एका मुलाची काठी त्याच्या तोंडावर बसली आणि समोरचे वरचे दात गेले. जखम भरली, पण पुढे छातीत धडधड सुरू झाली, मन खचले आणि कॉलेजचा विषय मागे पडला तो कायमचाच.

त्याच काळात आईला क्षयरोगाने गाठले. विल्बर जवळजवळ तीन वर्षे घरीच राहिला. आईची सेवा करायची आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या संग्रहातली पुस्तके वाचायची. ४ जुलै १८८९ रोजी आई गेली.

पालकांनो, इथे जरा थांबा. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, कॉलेज नाही, नोकरी नाही, घरात बसून पुस्तके वाचतो. आपल्या गल्लीत असा मुलगा असता तर लोक काय काय बोलले असते? बिशप मिल्टन यांच्या घरात मात्र वाचणाऱ्याला वाचू द्यायची पद्धत होती. जेवणाच्या टेबलावर वादविवाद व्हायचे, तेही शिस्तीत. एकाने बाजू मांडायची, दुसऱ्याने खोडायची आणि मग बाजू बदलून पुन्हा वाद घालायचा. ही सवय पुढे फार कामाला आली.

सायकलचे दुकान आणि एक पत्र

१८८९ पासून दोघा भावांनी छापखाना चालवला, छोटे वर्तमानपत्रही काढले. १८९२ साली सायकलींची विक्री-दुरुस्ती सुरू केली आणि १८९६ पासून स्वतःच्या सायकली बनवू लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीचे ओटो लिलिएन्थाल आपल्या ग्लायडरमधून पडून गेले. बातमी वाचून विल्बर यांचे लक्ष पुन्हा जुन्या प्रश्नाकडे गेले. बहुतेक संशोधक तेव्हा जास्त ताकदीच्या इंजिनाच्या मागे होते. विल्बर यांना वाटले, खरी अडचण तोल सांभाळण्याची आहे. सायकलवाल्याला हे लवकर सुचणारच! सायकल आपोआप उभी राहत नाही. चालवणारा क्षणाक्षणाला तोल सावरत असतो.

३० मे १८९९ रोजी त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उडण्याविषयी जे काही छापलेले असेल ते मागवले. ही तारीख लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी दुकानात सायकलच्या ट्यूबचा रिकामा खोका हातात घेऊन बोलता बोलता त्यांनी तो पिळला. खोक्याचे एक टोक वर, दुसरे खाली झाले. पक्षी पंखांची टोके पिळून तोल सावरतात हे त्यांनी पाहिलेच होते. विमानाचे पंखही असेच पिळले तर? लगेच त्यांनी पाच फुटी पतंग करून ही कल्पना तपासली.

वाऱ्याची पेटी

१९०० आणि १९०१ साली दोघे नॉर्थ कॅरोलिनातल्या किटी हॉक भागात ग्लायडर घेऊन गेले. तिथे वारा भरपूर होता आणि पडले तरी खाली वाळू. १९०१ चे ग्लायडर मात्र हिशोबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल देत होते. विल्बर इतके निराश झाले, की आपल्या हयातीत माणूस उडणार नाही असे त्यांना परतताना वाटू लागले.

पण घरी येऊन त्यांनी काय केले? थोरामोठ्यांनी दिलेले आकडेच तपासायला घेतले. सहा फूट लांबीची लाकडी पेटी, एका टोकाला पंखा, आत करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारा वापरून केलेला तराजू. त्यात सुमारे २०० छोटे पंख तपासले. शंभराहून अधिक वर्षे वापरात असलेला हवेच्या दाबाचा एक गुणांक बराच जास्त धरला जातो आहे, हे त्यांना दिसून आले. १९०२ चे ग्लायडर स्वतःच्या आकड्यांवर बनवले आणि ते छान उडाले.

तरी एक खोड राहिलीच. वळवताना कधी कधी ग्लायडर नको त्या बाजूला घसरे आणि वाळूत जाऊन खड्डा करी. या प्रकाराला दोघे भाऊ गमतीने विहीर खोदणे म्हणत. कारण असे होते की पंखाची जी बाजू वर उचलायला पिळली, तीच हवेत जास्त अडत होती आणि मागे ओढली जात होती. म्हणजे एक काम करायला जावे तर दुसरीकडे उलटा परिणाम! शेपटीचे सुकाणू हलते करावे हे ऑर्व्हिल यांना सुचले आणि ते पंखांच्या पिळाला जोडून टाकावे हे विल्बर यांना. प्रश्न सुटला.

दोन प्रोपेलर, त्यातला एक उलटा

आता इंजिन आणि प्रोपेलर हवे होते. दोघांना वाटले, जहाजांचे प्रोपेलर कितीतरी वर्षे चालतात, त्यांचे गणित पुस्तकात मिळेलच. पुस्तके चाळली, पण उपयोगी पडेल असे गणित मिळाले नाही. मग महिनोन्महिने वाद. दुकानातले कारागीर चार्ली टेलर यांच्या कानावर तो आरडाओरडा रोज पडायचा. वाद घालून घालून दोघे अशा ठिकाणी यायचे, की प्रत्येकाला समोरच्याचे म्हणणे पटलेले असायचे आणि वाद पुन्हा तिथेच! शेवटी उत्तर मिळाले ते असे : प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच. मग वाऱ्याच्या पेटीतले आकडे इथेही चालतील.

हिशोबात असे आले की एक लहान प्रोपेलर जोरात फिरवण्यापेक्षा दोन मोठे प्रोपेलर सावकाश फिरवलेले बरे. प्रत्येकी साडेआठ फुटांचे, लाकडाचे थर चिकटवून कुऱ्हाडीने आणि रंध्याने घडवलेले. पण इथेच आपला पहिला प्रश्न येतो. तेवढीच ताकद सावकाश फिरणाऱ्या प्रोपेलरला दिली तर पिरगाळणारा जोर वाढतो. दोन्ही एकाच दिशेने फिरले असते तर दोघांचा उलटा जोर मिळून विमान सतत एका अंगावर कलत राहिले असते. शिवाय जोरात फिरणारे चाक दिशा बदलायला विरोध करते आणि भलतीकडे झुकते. तो त्रास वेगळाच.

उपाय तुम्ही ओळखला असेल. लहानपणीच्या खेळण्यात तो होताच. एक सरळ, एक उलटा. दोघांचे उलटे जोर एकमेकांना पुरून उरतात आणि विमानाला काहीच जाणवत नाही.

पण इंजिन एक, ते एकाच दिशेने फिरणार. मग दुसरा प्रोपेलर उलटा फिरवायचा कसा? जुन्या पिठाच्या गिरणीत तुम्ही पाहिले असेल, पट्टा सरळ टाकला की दोन्ही चाके एका दिशेने फिरतात आणि पट्ट्याला मधे तिढा दिला की दुसरे चाक उलटे फिरते. राईट बंधूंनी तेच सायकलसारख्या साखळीने केले. एका बाजूची साखळी सरळ, दुसऱ्या बाजूची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिढा देऊन. साखळ्या फडफडू नयेत म्हणून त्या नळ्यांमधून नेल्या. आणि हो, उलट्या फिरणाऱ्या प्रोपेलरचा आकारही उलटा घडवावा लागतो, आरशातल्या प्रतिमेसारखा. डाव्या-उजव्या चपलेची जोडी असते ना, तसेच. नाहीतर तो हवा मागे ढकलायच्या ऐवजी पुढे ढकलेल.

बाजारात हवे तसे हलके इंजिन मिळेना, म्हणून टेलर यांनी दुकानातल्या लेथ आणि ड्रिलवर सहा आठवड्यांत चार सिलिंडरचे इंजिन बनवले. फेब्रुवारी १९०३ मध्ये ते चालू झाले आणि लगेच चाचणीत त्याचा सांगाडा फुटला. नवा ओतून घेतला. ताकद सुमारे १२ अश्वशक्ती.

तोलाचा विचार किती बारीक होता पाहा. विमान चालवणारा डावीकडे पालथा झोपणार, इंजिन उजवीकडे. इंजिन माणसापेक्षा जड. म्हणून उजवा पंख चार इंच जास्त लांब ठेवला.

थंडीतले ते दिवस

सप्टेंबर १९०३ मध्ये दोघे पुन्हा किटी हॉकला पोहोचले. इंजिनाच्या धक्क्यांनी प्रोपेलरचे दांडे तडकले. दुरुस्त करून आणले, पुन्हा तडकले. साखळीची दातेरी चाके सैल होत होती, ती त्यांनी सायकलच्या टायरला लावायच्या सिमेंटने पक्की केली. शेवटी ऑर्व्हिल डेटनला जाऊन पोलादाचे भरीव दांडे घेऊन ११ डिसेंबरला परतले.

१४ डिसेंबरला नाणे उडवले, पहिली पाळी विल्बर यांची आली. त्यांनी नाक जास्त उचलले आणि साडेतीन सेकंदांत विमान वाळूत टेकले. दुरुस्तीत दोन-तीन दिवस गेले. १७ डिसेंबरला पाळी ऑर्व्हिल यांची. १२ सेकंद, १२० फूट. म्हणून इतिहासात पहिले नाव धाकट्या भावाचे. पण त्याच दिवशी चौथे उड्डाण विल्बर यांनी केले. ५९ सेकंद, ८५२ फूट. त्यानंतर वाऱ्याच्या झोताने उभे विमान उलटेपालटे करून मोडून टाकले.

जगाला पटवताना

पुढची दोन वर्षे डेटनजवळच्या कुरणात सराव चालला. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर यांनी ३९ मिनिटांत २४ मैल अंतर गोल गोल फिरून कापले. तरी युरोपात अनेकांना हे खोटे वाटत होते. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल मान्स येथे विल्बर उडाले. दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळाचे उड्डाण, पण त्यांनी विमान ज्या सफाईने वळवले ते पाहून शंका घेणारे गप्प झाले.

आणि लगेच दुःखाची बातमी आली. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेत फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल उडत असताना एका प्रोपेलरचे पाते तडकले. दोन्ही बाजूंचा जोर असमान झाला, प्रोपेलर थरथरू लागला आणि पाते शेपटीच्या तारेत अडकले. विमान कोसळले. सोबत बसलेले लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मरण पावले. यंत्राच्या विमानाच्या अपघातातला हा पहिला मृत्यू. ऑर्व्हिल गंभीर जखमी झाले. डेटनच्या हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवणारी बहीण कॅथरीन शाळा सोडून भावाच्या उशाशी धावली. ती पुन्हा शिकवायला गेली नाही.

मुलांना ही बाजूसुद्धा सांगायला हवी. दोन प्रोपेलर एकमेकांचा जोर मोडतात हे खरे, पण दोन्ही धड असतील तोवरच. एक बिघडला की दुसरा विमानाला ओढून नेतो. प्रत्येक उपायाला स्वतःची अशी एक अडचण असतेच. विल्बर यांनी फ्रान्समध्ये बातमी कळताच उड्डाण थांबवले आणि काही दिवसांतच दीड तासाचे उड्डाण केले. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला ते दोन तास वीस मिनिटे हवेत राहिले.

१९०९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला फेरी मारली. पाण्यात पडलो तर तरंगायला हवे म्हणून विमानाखाली चक्क एक छोटी होडी बांधली होती!

शेवटची वर्षे

१९०६ साली मिळालेल्या पेटंटवरून पुढे कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. नवे विमान घडवण्याचा वेळ वकिलांकडे जाऊ लागला. विल्बर थकले. १९१२ च्या मे महिन्यात त्यांना विषमज्वर झाला आणि ३० मे १९१२ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी, डेटनच्या घरी त्यांचे निधन झाले. स्मिथसोनियनला पत्र लिहिले त्याला त्या दिवशी बरोबर तेरा वर्षे झाली होती. तेरा वर्षांत एका माणसाने भावाच्या साथीने जग बदलले.

तोच प्रश्न, खेळातल्या विमानात

हा उलटा जोर अजून संपलेला नाही. दोन बारीक तारांना बांधून गोल फिरवायची छोटी विमाने असतात, त्यांना कंट्रोल लाइन विमाने म्हणतात. मधे उभा असलेला माणूस हातातली मूठ वर-खाली करून विमान चढवतो-उतरवतो. विमान घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणजे माणूस त्याच्या डाव्या हाताला. नेहमीच्या इंजिनाचा उलटा जोर विमानाचा डावा पंख खाली दाबतो, विमान आतल्या बाजूला कलते आणि तार सैल पडते. तार सैल म्हणजे ताबा गेला. उड्डाणाच्या सुरुवातीला, वेग कमी असताना, हा धोका सर्वात जास्त.

म्हणून काही छंदिष्ट लोक उलटे फिरणारे इंजिन लावतात. मग उजवा पंख दबतो, विमान बाहेर ओढते आणि तार ताणलेली राहते. जे छोटे इंजिन पातळ पट्टीच्या झडपेतून हवा घेते, ते कोणत्याही दिशेने चालू शकते, कधी कधी तर आपोआप उलटे सुरू होते. ज्यात फिरणाऱ्या दांड्याच्या भोकातून हवा आत जाते, त्याला उलटे चालवायला वेगळा दांडा लागतो. प्रोपेलर अर्थातच उलट्या घडणीचा. विजेची मोटर असेल तर काम सोपे, तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या की झाले.

लग्नात किंवा शेतात फवारणीला येणारा चार पंख्यांचा ड्रोन पाहा. दोन पंखे एका दिशेने, दोन उलट.

वर्गात करून पाहा

१. आइस्क्रीमच्या काडीच्या एका टोकाला प्लास्टिकचा छोटा पंखा आणि दुसऱ्या टोकाला हूक बसवा. मधे रबर अडकवून पीळ द्या.
२. काडी धरून पंखा सोडा. तो कोणत्या दिशेने फिरतो ते मुलांना वहीत लिहायला सांगा.
३. पुन्हा पीळ द्या. आता पंखा धरा आणि काडी सोडा. काडी कोणत्या दिशेने फिरली?
४. पीळ देऊन काडी दोऱ्याला टांगा आणि दोन्ही सोडून द्या. काय होते ते मुलांनाच सांगू द्या.

नियमाचे नाव लगेच सांगू नका. आधी मुलांना वाद घालू द्या आणि जमल्यास मधेच बाजू बदलायला लावा. एका बाजूने बोलणारा मुलगा दुसऱ्या बाजूने बोलू लागला की वर्गात हशा पिकतो आणि नियम जो डोक्यात बसतो तो कायमचा.

पालकांनाही एवढेच सांगेन, की घरातले मूल खेळणे उघडून आत काय आहे ते बघत असेल तर लगेच ओरडू नका. जवळ बसा आणि विचारा, हा पंखा उलटा फिरवायचा असेल तर तू काय करशील?